चौथा रकाना

निफाडला पारा चारावर उतरतो,
द्राक्षबागांच्या बांधावर शेकोट्या धुमसत असतात.
त्या धुरातून मी सायकल काढतो
खानगाव थडीच्या उताराला,
पाठीवर दुर्बीण, खिशात वही.

वहीला खात्याने तीन रकाने दिलेत :
तारीख, पक्षी, संख्या.
चक्रवाक एकशे साठ.
थापट्या अंदाजे नऊशे.
तलवार बदकं मोजता मोजता बोटं आखडतात.
चौथा रकाना मीच आखला,
पट्टी नव्हती, एसटीच्या पासाच्या कडेने,
म्हणून जरा तिरका :
किती वेळा उठवले.

रविवारचं पान लवकर भरतं.
सात दहा, ड्रोन. बंदी आहे म्हटलं तर
‘काका, फक्त दोन मिनिटं.’
आठ वाजता नवरा-नवरी, लग्नाआधीच्या फोटोंसाठी,
तिचा लाल घोळ चिखलावर ओढत,
आणि मागून एकजण गुलाबी धूर सोडतो
जिथे रोहित उभे होते.
रोहित आता पलीकडे, दिसत नाहीत.
सव्वानऊ, स्पीकर.
दहाच्या पुढे मी नुसत्या रेघा मारतो,
दूधवाल्यासारख्या, चार उभ्या आणि एक आडवी.

उठतात तेव्हा सुंदर दिसतं, खोटं कशाला बोलू.
सगळं पाणी एकदम पांढऱ्या पोटाचं होतं,
मनोऱ्यावरून लोक ‘वॉव’ म्हणतात, टाळ्या पडतात.
मीही एकदा वाजवली होती. टाळी.
नाशिकच्या एका साहेबांना उडताना हवे होते,
‘जरा उठवता का?’
शंभराची नोट, नवी, करकरीत.
मथुरासाठी कानटोपी घेतली त्यातून,
ती अजून घालते.
चौथ्या रकान्यातली पहिली रेघ माझीच,
तारीख आठवत नाही, म्हणून प्रश्नचिन्ह.

पट्टकदंब हिमालय ओलांडून येतात.
तिथली हवा इतकी विरळ की दिवा धरत नाही, असं
गांगुर्डे गार्ड सांगतो, त्यानेही कुणाकडून ऐकलेलं.
एवढं उडून आल्यावर त्यांना इथे फक्त चरायचं असतं.
अंगावर थोडी चरबी चढवायची, परतीचं भाडं.
प्रत्येक उठवणीला त्यातलं काही खर्ची पडतं,
पिगी बँकेतून पोरानं काडीने नाणं काढावं
तसं, एकेक.

दिवसा चरू दिलं नाही की ते रात्री चरतात.
संपत वडघुलेच्या हरभऱ्यात, चांदण्यात,
माना खाली, ओळीने, खुरपायला बसलेल्या बायांसारखे.
संपत सुतळी बॉम्ब लावतो.
त्याचंही चूक म्हणता येत नाही, तिकिटाचे पैसे
त्याच्या वावरात थोडेच येतात.
बॉम्बचा आवाज मी अंथरुणातून ऐकतो,
उशाखालची वही काढतो,
मोबाईलच्या उजेडात एक रेघ.

एक कदंब गळ्यात पट्टा घालून आलेला,
पट्ट्यावर आकडे, वाचता आले नाहीत.
परवा सगळे उठले तेव्हा तो उठला नाही.
उभा राहिला.
मला वाटलं, धीट आहे.
गांगुर्डे म्हणाला, धीट नाही रे, दमलाय.

फेब्रुवारीत वही जमा केली.
बाबूने तीन रकाने टाइप केले,
चौथ्याकडे बोट ठेवून विचारलं, हे काय?
मी सांगितलं.
‘फॉर्मात नाही हे,’ म्हणाला, वाईटपणे नाही,
आणि वही परत दिली, चहा सांगितला.

आज मंगळवार. कुणीही नाही.
बंधाऱ्यावर धुकं, धुक्यात कुजबुज,
हजारभर चोची चिखलात चाळवतायत,
भात रटरटावा तसा आवाज.
मी खाली बसलो, गुडघे पोटाशी,
वही उघडली, आजचं पान कोरं.
पहाटेचा धूर छातीत बसला होता.
दाबला, दाबला, पण खोकला आलाच.

उठले सगळे.

फिरले, लांब पलीकडे उतरले.
पाणी निवळेपर्यंत थांबलो,
मग पेन्सिल ओली केली जिभेवर
आणि मारली रेघ.